शीर्षकगीत आठवतं, गोष्ट का आठवत नाही?

दिवाळीला भावंडं जमली आणि फराळाची ताटं बाजूला सरली की चाळिशी-पन्नाशीच्या मंडळींत एक विषय हमखास निघतो. ‘गोट्या’ आठवते का? आठवते म्हणजे काय! कुणीतरी लगेच शीर्षकगीत गुणगुणायला लागतं, दुसरा सूर मिसळतो, आणि कित्येक वर्षांत एकदाही न म्हटलेलं गाणं जवळपास न अडखळता पार पडतं. मग घरातली धाकटी पिढी विचारते, ‘‘पण मालिकेत व्हायचं काय?’’ इथे सगळे थबकतात. गोट्या पोरका होता, एवढं ठाऊक असतं. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकांवरून मालिका केली होती, हेही एखाद्याला आठवतं. त्यापुढे एखादा प्रसंग, एखादा चेहरा, तोही धूसर. त्या प्रसंगावरून दोघांत वाद लागतो आणि दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

गाणं राहिलं आणि गोष्ट का गेली? गेली म्हणजे डोक्यातून पुसली गेली, की कुठेतरी पडून आहे? जत्रेतली पत्र्याची होडी वर्षानुवर्षं आठवत नाही आणि एखाद्या वासासरशी अख्खी डोळ्यांपुढे उभी राहते, ती कशी? आणि नीट लक्षात राहिलेल्या गोष्टींपेक्षा ही अर्धीमुर्धी विसरलेलीच जिवाला जास्त का लागते? स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत यातल्या बऱ्याच प्रश्नांचा माग काढला आहे. मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो शेवटचा प्रश्न. पण तिथवर जायचं तर आधी विसरणं म्हणजे काय, ते पाहावं लागेल.

नाहीशी झाली, की हाती लागत नाही?

हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग केले. ज्यांना काही अर्थ नाही अशा अक्षरांच्या लांबलचक याद्या तो पाठ करायचा आणि किती वेळाने किती विसरलं, हे तपासायचा. 1885 मध्ये त्याने निष्कर्ष छापले. विसरण्याचा वेग सुरुवातीला जबरदस्त असतो आणि पुढे मंदावतो, हा त्यातला प्रसिद्ध भाग. दुसरा भाग कमी लोकांना माहीत आहे. पूर्ण विसरलेली यादी त्याने पुन्हा पाठ करायला घेतली, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा कमी वेळ लागला. म्हणजे आठवायला गेलं तर काहीच येत नव्हतं, तरी आत काहीतरी शिल्लक होतं.

हे शिल्लक असणं आणि हाती लागणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मानसशास्त्रज्ञ एन्डेल टुल्व्हिंग आणि त्यांच्या सहकारी झेना पर्लस्टोन यांनी 1966 मध्ये ते स्पष्ट दाखवून दिलं. शाळकरी मुलांना प्रकारानुसार गट केलेल्या शब्दांच्या याद्या ऐकवल्या. नंतर काहींना नुसतंच ‘आठवतील ते लिहा’ असं सांगितलं आणि काहींना गटांची नावं दिली. गटाचं नाव दिसताच मुलांना कितीतरी जास्त शब्द आठवले. शब्द डोक्यात दोघांच्याही होते. एकाला धागा मिळाला होता, दुसऱ्याला नव्हता.

विहिरीत कळशी पडली की गळ टाकतात. कळशी तळाशी आहे, याची खात्री असते, पण दोराला बांधलेल्या गळाचा आकडा तिच्या काठात अडकेपर्यंत ती वर येत नाही. आकडा नुसता फिरत राहिला तर कळशी नाहीच, असं वाटायला लागतं. विसरलेली आठवण बऱ्याचदा अशीच तळाशी असते आणि तिला वर आणणारा गळ म्हणजे एखादा सूर, वास, रंग, जागा किंवा माणूस. कुठला गळ चालेल, हेही आपल्या मर्जीवर नसतं. आठवण साठली त्या वेळी तिच्याबरोबर जे नोंदलं गेलं, तेच पुढे तिला ओढून आणू शकतं. ‘लहानपणी कोणती खेळणी होती?’ असं विचारल्यावर माणूस चार नावं सांगून थांबतो, आणि आजोळच्या माडीचा जिना चढताना त्याला पाचवं आठवतं.

अर्धवट आठवणीचं रूपही मजेशीर असतं. नाव अगदी ओठांवर असतं आणि येत नाही, ही अवस्था हार्वर्ड विद्यापीठात रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील यांनी 1966 मध्येच तपासली. लोकांना क्वचित वापरातल्या शब्दांचे अर्थ सांगून शब्द ओळखायला लावले. ज्यांच्या ओठांवर शब्द अडकला, त्यांना तो सांगता येत नसे, पण त्याचं पहिलं अक्षर कोणतं, शब्द साधारण केवढा लांब, हे बऱ्याचदा बरोबर सांगता येई. ‘ती बाई, निवेदिका, नाव छोटंसं होतं, स वरून काहीतरी’ असं आपण म्हणतो, तेव्हा आपण निव्वळ अंदाज करत नसतो. आठवण तुकड्यातुकड्यांनी साठलेली असते आणि तुकडे वेगवेगळे वर येतात.

गाणं दर आठवड्याला, प्रसंग एकदाच

आता ‘गोट्या’कडे, किंवा त्या काळच्या कुठल्याही मालिकेकडे परत पाहू. रामानंद सागरांचं ‘रामायण’ 25 जानेवारी 1987 ते 31 जुलै 1988 या काळात दर रविवारी सकाळी लागायचं. भाग 78. म्हणजे सुरुवातीचं गीत 78 वेळा कानावर पडलं आणि प्रत्येक प्रसंग मात्र एकदाच पाहिला. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर नव्हता, पुन्हा पाहायची सोय नव्हती. एकदा पाहिलेलं लवकर विसरतं आणि पुन्हापुन्हा आलेलं टिकतं, हे उघड आहे. पण इथे आणखी एक गोष्ट घडत होती, ती म्हणजे मधलं अंतर. एकच गोष्ट एका दिवसात दहा वेळा घोकण्यापेक्षा दहा वेगवेगळ्या दिवशी एकेकदा भेटली तर जास्त पक्की बसते. हेही एबिंगहाउसच्या नोंदींत आहे आणि नंतरच्या असंख्य प्रयोगांनी ते खरं ठरवलं आहे. आठवडाभराने येणारी मालिका कुणी शिकवायच्या हेतूने आखली नव्हती. पण पाठांतरासाठी यापेक्षा चांगलं वेळापत्रक आखणं अवघड आहे.

त्यात चालीची मदत. गाण्यात पुढचा शब्द कुठलाही येऊन चालत नाही. तो तेवढ्याच मात्रांचा हवा, यमकात बसायला हवा, अर्थाला धरून हवा. इतक्या अटी घातल्या की चुकायला जागाच उरत नाही. डेव्हिड रुबिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मौखिक परंपरांवर 1995 मध्ये लिहिलेल्या पुस्तकात हे तपशिलाने मांडलं आहे. आपल्याला त्याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. जात्यावरच्या ओव्या अक्षरओळख नसलेल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या संशोधकांनी खेडोपाडी फिरून त्या गोळा केल्या, तेव्हा आकडा एक लाखाच्या वर गेला. त्यातली प्रत्येक ओवी कुणा ना कुणाला तोंडपाठ होती.

शिवाय त्या गीताचं एक काम होतं. ते सुरू झालं की गल्लीतला लगोरीचा डाव तसाच टाकून पोरं धावत सुटायची. एरवी लक्ष इकडेतिकडे असतं. त्या क्षणी सगळं अंग कान झालेलं असायचं. गच्चीवर एकजण अँटेना फिरवतोय, खालून दुसरा ‘‘आलं, आलं… गेलं!’’ म्हणून ओरडतोय, आणि चित्र स्थिर होईपर्यंत गीत संपत आलेलं. दिव्याखाली अभ्यास करून पाठ केलेल्या कवितेच्या वाट्यालाही इतकी उत्कंठा येत नाही. वाट पाहण्याच्या ताणात मेंदू जे टिपतो ते जास्त घट्ट धरतो. आणि वाट सगळ्यांनी एकाच वेळी पाहिलेली असते. 1990 च्या आसपासपर्यंत बहुतेक घरांत दूरदर्शनखेरीज दुसरी वाहिनी नव्हती. ‘झी टीव्ही’ आली ती ऑक्टोबर 1992 मध्ये. त्यामुळे कोल्हापूरचा मुलगा आणि परभणीची मुलगी पुढे पुण्याच्या वसतिगृहात भेटली, तरी दोघांना तेच सूर ठाऊक असायचे. गप्पांत ते पुन्हापुन्हा उजळले गेले. प्रसंगांना ते भाग्य मिळालं नाही.

पत्र्याची होडी आणि नाक

मालिका निदान आठवडाभराने यायच्या. खेळणी तर एकदा मोडली की संपली. तरीही ती आठवतात, आणि आठवतात तेव्हा सगळ्या अंगाने.

जत्रेत मिळणारी पत्र्याची होडी घ्या. हाताच्या पंजाएवढी, लाल-निळ्या रंगाची, पत्र्याच्या कडा बोटाला कापतील अशा. मागच्या बाजूला पाण्यात बुडणाऱ्या दोन बारीक नळ्या आणि आत पातळ पत्र्याची चपटी डबी. नळ्यांतून पाणी भरायचं, तेलात भिजवलेली वात चिमुकल्या वाटीत पेटवून डबीखाली सरकवायची आणि होडी परातीत सोडायची. डबीतलं पाणी तापून वाफ झाली की ती नळ्यांतलं पाणी मागे ढकलते आणि होडी पुढे जाते. वाफ थंड झाली की डबीत पोकळी होते, नळ्यांतून पुन्हा पाणी आत ओढलं जातं आणि फेरा परत सुरू. पाणी बाहेर पडताना ते सरळ मागे फेकलं जातं आणि आत येताना चहूबाजूंनी गोळा होतं, म्हणून मागे न हटता होडी पुढेच जाते. दर फेऱ्याला डबीचा पातळ पत्रा आत-बाहेर होतो आणि टक-टक-टक असा आवाज येतो. परातीच्या काठाला आपटून होडी फिरते, काजळीचा धूर वर येतो, आणि खोलीभर तेल, तापलेला पत्रा आणि रंग यांचा मिळून एक वास भरतो.

हा वास पुढच्या आयुष्यात कुठे भेटत नाही. कधीतरी वर्कशॉपच्या दारात त्याच्या जवळपासचा वास येतो आणि माणूस जागीच थांबतो. आधी कसंसंच होतं, मग कारण कळतं. हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूत थॅलॅमस नावाच्या केंद्रातून वाटलं जातं आणि मग पुढे जातं. वासाची वाट निराळी आहे. नाकातून निघालेला संदेश हे केंद्र न गाठता भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डला या भागापर्यंत आणि आठवणी बांधणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या शेजारपर्यंत फार थोड्या टप्प्यांत पोचतो. म्हणून वासाने आधी भावना उसळते आणि नाव-गाव मागाहून येतं.

स्वीडनमधल्या योहान विलांडर आणि मारिया लार्सन यांनी 2006 मध्ये एक सुरेख अभ्यास प्रसिद्ध केला. वयस्कर माणसांना त्यांनी आठवणी जागवायला काहींना शब्द दिले, काहींना चित्रं, काहींना वास. शब्द आणि चित्रं यांनी जास्त आठवणी आल्या त्या साधारण अकरा ते वीस या वयातल्या. वासाने आलेल्या आठवणींचा मोठा वाटा मात्र दहा वर्षांच्या आतला होता. लहान मुलाकडे शब्द कमी असतात. तो जग हुंगतो, चाटतो, कुरवाळतो. त्या वयातली आठवण त्याच भाषेत नोंदली जाते आणि तिला हाक त्याच भाषेत मारावी लागते. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाकडी भातुकली, तिचा लाखेचा गुळगुळीत हात आणि नवेपणीचा वास ज्याने अनुभवला आहे, त्याला ते खेळणं नुसतं फोटोत पाहून जेमतेम अर्धंच आठवेल. हातात घेतलं तर पुष्कळ आठवेल.

मधली वर्षं मध्ये आली नाहीत म्हणून

गणपतीची आरती आपल्याला पाठ असते. पण ती म्हणताना सातव्या वर्षीचा गणपती डोळ्यांपुढे येतो का? सहसा नाही. कारण ती दरवर्षी, दहा दिवस, वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या माणसांबरोबर म्हटलेली असते. एकाच गळाला शंभर कळश्या अडकायला लागल्या की हवी ती एक वर येत नाही. स्मृतीच्या अभ्यासात ही जुनी, पक्की गोष्ट आहे: एका खुणेशी जितक्या जास्त आठवणी जोडलेल्या, तितकी ती खूण कुठल्याही एका आठवणीसाठी दुबळी.

उलट, आठव्या वर्षानंतर कानावर न पडलेली जाहिरातीची धून, बंद पडलेल्या गोळीचा कागद, प्रसारण तुटलं की दूरदर्शनवर झळकणारी ‘रुकावट के लिए खेद है’ ही पाटी. यांच्यावर मधल्या वर्षांचं काही चढलेलं नसतं. त्या खुणेला एकच काळ जोडलेला असतो, म्हणून ती भेटली की थेट तिथेच नेते. मध्ये विसरलो, म्हणूनच ती शाबूत राहिली. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी 2009 मध्ये वासांच्या बाबतीत दाखवलं, की एखाद्या वासाशी जी जोडणी सर्वांत पहिल्यांदा झाली तिला मेंदूत खास जागा मिळते. नंतरच्या जोडण्यांना ती मिळत नाही. पहिलेपण आणि मधली शांतता, दोन्ही एकत्र आले की आठवण अंगावर येते.

याची दुसरी बाजूही आहे. हाती लागलेली जुनी मालिका आपण इंटरनेटवर चार दिवस लावून ठेवतो. पहिल्या वेळी गळा दाटतो. पाचव्या वेळी ते सूर आजच्या सोफ्याशी, आजच्या मोबाइलशी, आजच्या कंटाळ्याशीही जोडले जातात. करीम नाडर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दिसलं, की जागी झालेली आठवण काही काळ पुन्हा मऊ पडते आणि तिला परत पक्कं व्हावं लागतं. माणसांच्या सगळ्या आठवणींबाबत हे जसंच्या तसं लागू होतं की नाही, यावर अजून काम चालू आहे. पण टाळेबंदीत 28 मार्च 2020 पासून ‘रामायण’ पुन्हा दाखवलं गेलं आणि 16 एप्रिलचा भाग 7.7 कोटी लोकांनी पाहिल्याचं दूरदर्शनने जाहीर केलं, तेव्हापासून ते सूर कित्येकांना दोन काळांत नेतात. आधी फक्त 1987 होतं. आता त्यात बंद दार, रिकामा रस्ता आणि रोजचा रुग्णांचा आकडाही मिसळला आहे. यात वाईट काही नाही. पण जुनी आठवण आता तेवढी एकटी राहिलेली नाही, हे खरं. म्हणून मला वाटतं, लहानपणीच्या एखाद-दोन गोष्टी शोधून काढू नयेत, तशाच राहू द्याव्यात.

चौकट: अर्धवट आठवणारी वस्तू शोधायची असेल तर

नावाच्या मागे लागू नका. तिच्या भोवतालचं आठवा: तेव्हा इयत्ता कुठली होती, घर कुठलं, शेजारी कोण बसायचं, ऋतू कोणता, हातात काय असायचं. जे सुचेल ते आधी कागदावर लिहून ठेवा, मगच दुसऱ्याला विचारा किंवा चित्रफीत लावा. एकदा दुसऱ्याचं ऐकलं की आपलं कोणतं आणि त्याचं कोणतं, हे नंतर वेगळं करता येत नाही. आठवत नसेल तर सोडून द्या आणि दुसऱ्या कामाला लागा. चुकीचं नाव डोक्यात घोळत असलं की ते खऱ्या नावाची वाट अडवतं. ते विसरल्यावर खरं नाव बऱ्याचदा आपोआप येतं. भावंडांना एकेकट्याला विचारा, सगळ्यांना एकत्र नको.

आठवणीत आपली भर

भावंडांना वेगवेगळं विचारायचं, ते का? कारण आठवताना मेंदू साठवलेली फीत फिरवत नाही. तो दोन-चार तुकडे घेतो आणि मधल्या फटी आजच्या समजुतीने बुजवतो. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांनी 1932 च्या पुस्तकात याचं मोठं बोलकं उदाहरण दिलं आहे. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भुताखेतांची कथा त्यांनी इंग्लंडमधल्या लोकांना वाचायला दिली आणि नंतर पुन्हापुन्हा सांगायला लावली. दर वेळी कथा आखूड होत गेली आणि वाचणाऱ्यांच्या ओळखीची होत गेली. तिथली खास वल्ह्याची कनू नाव साध्या बोटीत बदलली, सीलची शिकार मासेमारी झाली. कुणीही खोटं बोलत नव्हतं.

याहून पुढे जाऊन, न घडलेलंही आठवू शकतं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये काही लोकांना डिस्नेलँडची एक जाहिरात दाखवली. तिच्यात बग्ज बनी हा ससा होता. तो डिस्नेचा नव्हेच, वॉर्नर ब्रदर्सचा. डिस्नेलँडमध्ये तो भेटणं अशक्य. तरी जाहिरात पाहिलेल्यांपैकी काहींनी लहानपणी तिथे त्याच्याशी हात मिळवल्याचं सांगितलं. सगळेच एकसारखं चुकतात, असंही होतं. दीपश्री प्रसाद आणि विल्मा बेनब्रिज यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पोकेमॉनमधल्या पिकाचूच्या शेपटीचं टोक काळं असतं, असं अनेकांनी ठामपणे निवडलं. ते काळं नसतं. काळी असतात त्याच्या कानांची टोकं.

आपल्या पिढीच्या आठवणींत आणखी एक गोम आहे. आशय राहतो आणि तो कुठून आला हे आधी विसरतं. 1993 मध्ये दूरदर्शनवर ‘द जंगल बुक’ लागलं. गुलजारांचं गीत, विशाल भारद्वाजांचं संगीत, शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज. हे सगळं इतकं आपलं, की ती मालिका मुळात जपानमध्ये तयार झाली होती हे ऐकून आजही लोक दचकतात. वेताळाचं तेच. मराठी इंद्रजाल कॉमिक्समधून भेटलेला हा मुखवट्यातला वीर ली फॉक या अमेरिकी लेखकाने 1936 मध्ये जन्माला घातला. पण कवटीच्या गुहेचा पत्ता विचारला तर आपल्याला ती सह्याद्रीतच कुठेतरी वाटते.

एरवी अशी चूक मूळ पाहून दुरुस्त करता येते. इथे बऱ्याचदा मूळच नाही. त्या काळी व्हिडिओ टेप महाग होत्या. कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत जगभर होती. बीबीसीने ‘डॉक्टर हू’सारख्या लाडक्या मालिकेचे कित्येक भाग असेच गमावले. आपलं दूरदर्शनही याला अपवाद नव्हतं. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ ज्यांनी सत्तरच्या दशकात पाहिली, त्यांच्या डोक्यात ती जितकी आहे तितकी कुठल्याही कपाटात नाही. ही हानी मला फार मोठी वाटते. पुस्तक दुर्मिळ झालं तर एखाद्या ग्रंथालयात सापडतं; पुसलेली टेप सापडत नाही.

तेव्हा सगळं छानच होतं का?

कडू आठवणींची धार गोड आठवणींपेक्षा लवकर बोथट होते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. प्रसंग लक्षात राहतो, त्याचा डंख जातो. म्हणून मागे वळून पाहिलं की रविवार सकाळ सोन्याची दिसते. पण टीव्ही आळीत एक-दोन घरांत असायचा. त्या घरच्या काकू कुणाला आत सतरंजीवर बसवायच्या, कुणाला उंबऱ्याबाहेर आणि कुणाला खिडकीतून हाकलायच्या, यामागे फक्त जागेची अडचण नव्हती. जात होती, भाडेकरू-मालक होतं, कपड्यांचा मळका रंग होता. गजांना धरून टाचा उंचावून पाहिलेली मालिकाही लोक आज हसत हसत सांगतात. त्यांच्या हसण्यावर विश्वास ठेवावा. पण टाचा दुखत होत्या, हेही लिहिलं जावं.

असं असलं तरी स्मरणरंजनाला नुसता पळपुटेपणा म्हणणं अन्यायाचं आहे. 1688 मध्ये योहानेस होफर या स्विस वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घराच्या ओढीने खंगणाऱ्यांचं वर्णन आजार म्हणून केलं, आणि पुढे दोन शतकं तो आजारच मानला गेला. आताचं संशोधन वेगळं सांगतं. ब्रिटनच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या अभ्यासांत आढळलं, की माणूस एकटा पडला किंवा उदास झाला की मन जुन्या दिवसांकडे वळतं, आणि तिथून आल्यावर आपल्याला आपली माणसं आहेत, ही भावना वाढते. चीनमधल्या एका अभ्यासात तर थंडीच्या दिवशी लोकांना जुन्या आठवणी जास्त आल्या. परदेशी गेलेली मराठी मुलगी पहिल्या हिवाळ्यात ‘दूरदर्शन’च्या बोधचिन्हाची धून शोधून ऐकते, तेव्हा ती स्वतःला सावरत असते.

कोणाचं बालपण, कोणती वस्तू

शेवटची गोष्ट वयाची आणि ती घरोघरी उपयोगी पडणारी आहे. उतारवयात माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावलं, की साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा ढीग पडतो. पहिलं सगळं त्याच काळात घडतं आणि आपण कोण, हे तेव्हाच ठरत असतं. संगीतात याला एक जोड आहे. अमेरिकेतल्या कॅरल क्रमहान्झल आणि जस्टिन झुपनिक यांना 2013 मध्ये आढळलं, की तरुणांना स्वतःच्या काळाच्या गाण्यांखेरीज आपल्या आईवडिलांच्या तारुण्यातल्या गाण्यांचीही विशेष ओढ असते. आज पन्नाशी-साठीत असलेल्यांना ‘गीतरामायण’ इतकं जवळचं का वाटतं, याचं उत्तर इथे मिळतं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांची ती 56 गीतं पुणे आकाशवाणीवरून 1 एप्रिल 1955 पासून वर्षभर ऐकवली गेली. आईने ती ऐकत तारुण्य काढलं आणि स्वयंपाक करताना ती गुणगुणली.

डिमेन्शिया झालेल्यांसाठी आठवणी जागवण्याचे उपक्रम जगभर चालतात. डेन्मार्कमध्ये ऑर्हूस शहराच्या ‘डेन गाम्ले ब्यू’ संग्रहालयात त्यांच्यासाठी 1950 च्या दशकातलं अख्खं घर जुन्या सामानानिशी मांडलं आहे. अशा उपक्रमांचा फायदा माफक असतो, सगळ्यांना सारखा होत नाही. पण घरच्या घरी करून पाहायला खर्च नाही. चूक होते ती निवडीत. पन्नाशीचा मुलगा ऐंशीच्या आईला ‘रामायण’ मालिका लावून देतो, कारण ती त्याच्या लहानपणाची. मालिका आली तेव्हा आई चाळिशीत होती, डब्यांच्या आणि पाहुण्यांच्या धबडग्यात. तिचा काळ म्हणजे 1955 ते 1970: रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’, अमीन सायानींचा आवाज. आणि तिचं बालपण त्याच्याही मागचं, ते स्क्रीनवर नाहीच. ते सागरगोट्यांत, चिंचोक्यांत, रॉकेलच्या कंदिलाच्या वासात, सारवलेल्या ओल्या जमिनीत आहे. ‘आठवतंय का गं?’ असं विचारलं की तिला परीक्षा दिल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा पाच सागरगोटे तिच्या ओंजळीत ठेवावेत आणि गप्प बसावं. बोटं बहुधा आधी हलतात, नंतर बोलणं सुरू होतं. नावं, वर्षं चुकली तर दुरुस्त करू नये. आणि मोबाइलवर आवाज टिपून घ्यावा; त्या काळाची दुसरी नोंद बहुतेक घरांत नाही.